रेझिनमध्ये ‘काहीही’ बुडवून चालत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मे महिन्यात सुट्टीतल्या मुलांसाठी एक लेख आला होता. कॉसप्लेच्या स्पर्धेत हाती धरायची जादूगाराची काठी घरच्या घरी कशी करावी आणि तिच्या टोकाला पारदर्शक रेझिनचा (ओतल्यावर आळून घट्ट होणाऱ्या द्रवाचा) गोळा कसा बसवावा, हे त्यात सांगितले होते. लेख उत्साहाने लिहिलेला होता, चित्रेही देखणी होती. माझी तक्रार त्यातल्या एका सूचनेविषयी आहे. गोळ्याच्या आत आपल्या आवडीचे काहीही ठेवावे आणि वरून रेझिन ओतावे, अशी ती सूचना होती. या ‘काहीही’पायी आमच्या घरात दोन गोळे वाया गेले आणि एक वस्तू वनखात्याच्या कचेरीत नेऊन द्यावी लागली. पत्र लांबले आहे, पण ज्या मुलांनी तो लेख कापून ठेवला असेल त्यांच्यापर्यंत राहिलेला भाग पोहोचावा, एवढ्यासाठी ते छापावे अशी विनंती आहे.

मी मूर्तिकार आहे. वेंगुर्ले तालुक्यात आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचा कारखाना आहे, ती वडिलांनी सुरू केली. साचा काढणे, ओतणे, जोड घासणे हे माझे रोजचे काम. रेझिन मात्र मी पुतणीमुळे हाताळू लागलो. ती महाविद्यालयात शिकते आणि तिला कॉसप्लेचे वेड आहे. ‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ या दोन शब्दांची ही सांगड जपानमध्ये १९८० च्या दशकात रूढ झाली. एखाद्या पात्राचा पोशाख, शस्त्रे, अलंकार स्वतः घडवायचे आणि त्या सोंगात लोकांसमोर उभे राहायचे, असा तो खेळ आहे. दशावतारातला नट आपले तोंड आपणच रंगवतो आणि आपला मुकुट आपणच बांधतो, हे लहानपणापासून पाहिलेल्या आमच्या घराला त्यात नवे वाटण्यासारखे काही नव्हते. पुतणीने समुद्रतळाची राखण करणारी एक देवता स्वतःच कल्पिली होती आणि तिच्या हातात काठी हवी होती. काठीच्या टोकाला पाण्याचा थेंब गोठावा तसा गोळा असावा आणि त्या थेंबात समुद्रातले काहीतरी असावे, असे तिच्या मनात होते.

लेख वाचून दुसऱ्याच दिवशी ती बंदरावरून कागदाच्या पुडीत एक वाळलेला समुद्रघोडा घेऊन आली. बोटाएवढा, शेपटी आत वळलेली, पाठीवरच्या कंगोऱ्यांना मीठ लागलेले. मी नको म्हटले तेव्हा तिचे उत्तर तयार होते: “काकानू, तो मेलेलोच गावलो जाळ्यात. आमी काय मारूक नाय.” तिचे म्हणणे खरे होते. तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात असे जीव मासळीबरोबर येतात आणि निवडताना बाजूला टाकले जातात. परंतु समुद्रघोडे, प्रवाळ, समुद्रपंखे (जाळीदार फांद्यांचे प्रवाळ) आणि काही शंखशिंपले यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या संरक्षित यादीत घेण्यात आले. संरक्षित जीव पकडणे हा जसा गुन्हा आहे, तसेच त्याचे मृत शरीर किंवा त्यापासून केलेली वस्तू परवान्याशिवाय बाळगणे वा विकणे हाही गुन्हा आहे. याच कायद्याच्या ३९व्या कलमानुसार मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो आणि तो ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. ‘मेलेलाच सापडला’ ही सबब कायद्याने आधीच निकालात काढली आहे. आम्ही पुडी वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिली, तिथे नोंद झाली आणि विषय संपला.

हा मुद्दा पहिल्यांदा मांडण्याचे कारण असे की, किनाऱ्यावरच्या मुलाला ‘काहीही’ म्हटले की त्याचा हात नेमका याच वस्तूंकडे जातो. १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य आमच्यापासून फार दूर नाही. आमच्याकडे कित्येक घरांत ‘इंद्रजाल’ या नावाने जी काळी, जाळीदार फांदी चौकटीत घालून दारावर टांगलेली असते, ती वनस्पती नव्हे. तो समुद्रपंखा किंवा काळे प्रवाळ असते आणि ती विकणेही याच कायद्याखाली येते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या पातळ, चकचकीत शिंपल्या बसवत, त्या जातीचाही २००१ च्या यादीत समावेश होता. रेझिनच्या स्वच्छ गोळ्यात या सगळ्या वस्तू अतिशय सुंदर दिसतील यात शंका नाही. मात्र एकदा बुडवलेली वस्तू गोळा फोडल्याशिवाय बाहेर काढता येत नाही आणि पुतणीसारखी मुलगी ती काठी हाती घेऊन मुंबईच्या गर्दीत, शेकडो मोबाइलांसमोर उभी राहणार असते.

समुद्रघोडा गेल्यावर पुतणीने बकुळीची फुले आणली. बकूळ सुकली तरी तिचा वास जात नाही, म्हणून ती कोरडीच असते असा आमचा समज. एक रात्र परातीत पसरलेली फुले हाताला खडखडीत लागली आणि आम्ही ती गोळ्यात घातली. रेझिन ओतल्यावर तासाभरात प्रत्येक फुलाभोवती मोहरीएवढे बुडबुडे धरले, आणि पाकळ्यांत रेझिन मुरून फुले तेलात भिजल्यासारखी काळपट, अर्धपारदर्शक झाली. फुले, पाने, लाकूड, कापड यांच्या रंध्रांत हवाही असते आणि ओलही. अशी वस्तू झाकणबंद डब्यात सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या खड्यांत) निदान आठवडाभर ठेवावी लागते. नंतर त्याच रेझिनचा पातळ हात ब्रशने देऊन तिची रंध्रे बुजवायची, तो थर आळू द्यायचा आणि मगच ती साच्यात जायची. हे काम लेखातल्या एका ओळीत मावणारे नाही हे मान्य. पण ती ओळ तिथे असायला हवी होती.

त्याच गोळ्यात दुसरी चूक झाली ती माझी होती. प्लास्टर एका दमात ओतायची सवय असल्याने मी दहा सेंटिमीटर व्यासाचा साचा एकदम भरला, म्हणजे सुमारे ५२० मिलिलिटर रेझिन एका ठिकाणी जमा झाले. रेझिन आणि हार्डनर (ते आळावे म्हणून त्यात मिसळायचा दुसरा द्रव) यांची प्रक्रिया उष्णता सोडणारी असते. पातळ थरातून ती उष्णता निघून जाते. जाड गोळ्याच्या पोटात ती कोंडते, कोंडलेल्या उष्णतेने प्रक्रिया आणखी वेगाने चालते, आणि हा फेरा आवरत नाही. अर्ध्या तासात साच्याच्या तोंडातून धूर निघू लागला व सिलिकॉनच्या साच्याला हात लावणे अशक्य झाले. सकाळी साचा उघडला तर आत पिवळट गोळा, पोटात चंद्रकोरीसारख्या तीन भेगा आणि त्यांत अडकलेली बकूळ. टेबलावर किंवा चित्रावर पातळ थर देण्याचे रेझिन वेगळे आणि खोल साच्यात ओतण्याचे, सावकाश आळणारे रेझिन वेगळे असते; बाटलीवर एका वेळच्या थराची जाडी दिलेली असते, तीच पाळावी लागते. शिवाय बाटलीवरची वेळ साधारण २५ अंश तापमान गृहीत धरून लिहिलेली असते. आमच्या शाळेच्या पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी ३५ अंशांच्या खाली पारा उतरत नाही, तेव्हा हाताशी असलेला वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो.

दुसऱ्या गोळ्याला मदत करायला शेजारचा एक होतकरू तरुण आला. तो फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. होडीचे रेझिन पॉलिस्टर जातीचे. त्यात कॅटलिस्ट, म्हणजे आळण्याला नुसती चालना देणारे रसायन, शेकडा एक-दोन इतकेच पडते आणि घाई असेल तर दोन थेंब जास्त घातले की काम लवकर उरकते. आमचे रेझिन इपॉक्सी जातीचे. त्याने त्याच अनुभवाने त्यात हार्डनर थोडे वाढवले. इपॉक्सीत हार्डनर हा नुसता विरजणासारखा चालना देणारा पदार्थ नसतो. तो रेझिनशी ठरावीक प्रमाणात जोडला जाऊन त्याच्याच साखळीचा भाग होतो, आणि जास्त पडलेला भाग जोडीदाराविना तसाच उरतो. गोळा आठ दिवसांनीही नखाने दाबला जाई. त्यात आणखी एक खोच अशी की, बाटलीवरचे दोनास एक हे प्रमाण मापाचे होते आणि आम्ही ते वजनकाट्यावर घेतले होते. रेझिन पाण्यापेक्षा जड, हार्डनर मात्र बहुधा पाण्याइतके किंवा त्याहून हलके असते. त्यामुळे माप आणि वजन यांची अदलाबदल केली की चूक आपोआप होते. लेखात चमच्याचे माप दिले होते, त्याविषयी यापलीकडे काही लिहीत नाही.

या दुसऱ्या गोळ्याच्या पोटात आम्ही किनाऱ्यावर मिळालेला साधा, अंगठ्याएवढा शंख ठेवला होता आणि खरे शिक्षण त्या शंखाने दिले. फुलाची हवा रंध्रांत असते, शंखाची हवा त्याच्या वेटोळ्यात खोल दडलेली असते. वरून रेझिन पडले की तोंड बंद होते आणि आतली हवा तासन्‌तास एकेक मणी सोडत राहते. रेझिन घट्ट होत आले की ते मणी वर पोहोचत नाहीत, वाटेतच थिजतात. आमच्या शंखाच्या तोंडातून निघालेली अशी बुडबुड्यांची सर तिरकी वर गेलेली दिसत होती. पुतणीला ती आवडली, शंख श्वास सोडतो आहे असे ती म्हणाली. गोळा चिकट राहिला नसता तर कदाचित तिने तोच ठेवला असता.

यावर उपाय साधा पण सावकाशीचा आहे. शंख तीन-चार दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून भिजत ठेवायचा, कारण समुद्राचे मीठ आत राहिले तर पावसात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तसे तेही ओल ओढते. नंतर तो उन्हात चांगला वाळवायचा. मग शंख तोंड वर करून उभा धरायचा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने आतले वेटोळे रेझिनने भरायचे. मधूनमधून तो हातात फिरवत राहावे लागते, नाहीतर शेंड्याकडची हवा निघत नाही. हे आतले रेझिन आळले की शंख भरीव होतो आणि मगच तो साच्यात ठेवायचा. व्यावसायिक लोक हवेच्या दाबाखाली, साधारण तीन ते चार किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाच्या भांड्यात गोळा आळवतात, म्हणजे उरलेले बुडबुडे इतके बारीक होतात की दिसतच नाहीत. हे कोठेतरी पाहून घरचा प्रेशर कुकर वापरण्याची कल्पना आमच्याकडेही निघाली होती. घरगुती कुकर सुमारे एक किलो दाबासाठी केलेला असतो. त्याचा व्हॉल्व्ह बंद करून पंपाने त्याहून जास्त हवा भरणे म्हणजे स्वयंपाकघरात स्फोटाची तयारी करणे होय. शिवाय ज्या भांड्यात रेझिन गेले ते पुन्हा भाताला वापरता येत नाही.

आता गोळ्याच्या आकाराविषयी, कारण लेखात ‘नारळाएवढा’ गोळा सुचवला होता. बारा सेंटिमीटर व्यासाच्या भरीव गोळ्यात सुमारे ९०० मिलिलिटर रेझिन जाते आणि त्याचे वजन किलोभर होते. चार फुटांच्या काठीच्या टोकाला किलोभर वजन म्हणजे लाकूडतोड्याची कुऱ्हाडच. गर्दीत ती कोणाच्या डोक्यावर निसटली तर सोंग तिथेच संपेल. आठ सेंटिमीटरच्या गोळ्याला साधारण २७० मिलिलिटर पुरते आणि वजन ३०० ग्रॅमच्या आसपास राहते. लहान गोळ्यात वस्तू लहान दिसेल ही भीतीही खोटी आहे. भरीव पारदर्शक गोळा हे स्वतःच एक भिंग असते: रेझिनचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचा आकडा) दीडच्या आसपास असल्यामुळे गोळ्याच्या बरोबर मध्यभागी ठेवलेली वस्तू दीडपट मोठी दिसते. दोन सेंटिमीटरची शिंपली बाहेरून तीन सेंटिमीटरची भासते. मध्यापासून ती सरकली की तिचा आकार वेडावाकडा ताणला जातो, म्हणून ती मध्यभागी धरून ठेवण्यात सगळे कसब आहे. आम्ही तिला तंगुसाने टांगली. तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. त्याचा अपवर्तनांक रेझिनच्या जवळपास असल्याने आळलेल्या गोळ्यात तो शोधूनही सहज सापडत नाही.

साच्याबद्दल मूर्तिकार म्हणून एवढेच सांगतो की, सिलिकॉन साच्याच्या पृष्ठभागाची नक्कल गोळ्यावर हुबेहूब उतरते. आतून खरखरीत असलेल्या साच्यातून चकचकीत गोळा निघत नाही. मूळ चेंडूच काचेसारखा घासून घ्यावा लागतो. प्लॅटिनम जातीचे सिलिकॉन गंधक असलेल्या मातीला किंवा लॅटेक्सच्या हातमोज्याला लागले तर त्या जागी ते आळतच नाही. आमच्या धंद्यातले निम्मे साचे लॅटेक्स रबराचे असतात, त्यामुळे हा धडा मला दोन डबे सिलिकॉन फेकून शिकावा लागला.

हाताची गोष्ट मात्र टाळता येणार नाही. मातीत उघड्या हाताने काम करणाऱ्यांना मोजे घालणे जिवावर येते. न आळलेले रेझिन आणि हार्डनर वारंवार कातडीला लागले की काहींना त्याची ॲलर्जी जडते आणि ती बहुधा जन्मभर सुटत नाही. पुढे थोडा स्पर्श झाला तरी बोटांना खाज सुटते, फोड येतात. हातमोजे नायट्राइलचे असावेत. खिडक्या उघड्या असाव्यात. हाताला लागलेले रेझिन थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नये, साबणपाण्याने धुवावे; थिनर कातडीचे तेल काढून टाकतो आणि उलट रेझिनला आत शिरायला वाट देतो. आळलेला गोळा घासताना वॉटर पेपर पाण्यात बुडवूनच वापरावा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. लेखातल्या चित्रात दहा-बारा वर्षांचा मुलगा उघड्या हाताने कप ढवळताना दाखवला आहे, तेवढे चित्र तरी नको होते.

तिसरा गोळा जूनच्या पहिल्या आठवड्यात ओतला, आणि तोवर हवेत ओल भरली होती. दमट हवेत हार्डनरमधले अमाइन नावाचे रसायन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि ओलीशी मिळून थरावर मेणचट, तुपकट साय धरते. एकच थर असेल तर ती कोमट पाण्याने घासून निघते. दोन थरांच्या मध्ये राहिली तर गोळ्याच्या पोटात धुक्याची चकती कायमची बसते. म्हणून प्रत्येक थर खरवसासारखा थलथलीत पण हाताला किंचित चिकट असतानाच वरचा थर द्यायचा, असा नियम आम्ही केला. मध्यरात्री दोन वाजता उठून पुतणीने तिसरा थर ओतला. एक थर मात्र हातून निसटला आणि पूर्ण कडक झाला. तो धुवून, बारीक वॉटर पेपरने घासून, वाळवून मग पुढे गेलो. तिरक्या उजेडात धरले तर तेवढ्या जागी केसासारखी रेघ दिसते.

आत काय ठेवले, हे सांगायचे राहिले. आदल्या रविवारी घरात तिसऱ्यांचे (खायच्या शिंपल्यांचे) सुके झाले होते. वहिनीने ताटातल्या शिंपल्या फेकण्यासाठी गोळा केल्या, त्यातली एक अखंड जोडी पुतणीने उचलली, भिजवली, वाळवली आणि उघड्या पंखांसारखी ठेवून सांध्यात रेझिन भरले. वजनाने ती रेझिनपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे तंगुसाला घट्ट ताण राहिला आणि ती जागची हलली नाही. बाहेरून तिच्या वर्तुळाकार रेघा आता मोजता येतात, ज्या ताटात असताना आमच्यापैकी कोणी पाहिल्या नव्हत्या.

आपल्या पुरवणीत त्याच जागी चार ओळींची दुरुस्ती छापावी, अशी माझी विनंती आहे. ‘काहीही’ हा शब्द काढून कोणत्या वस्तू कायद्याने चालत नाहीत आणि ज्या चालतात त्या आधी कशा वाळवाव्या व भराव्या, एवढे त्यात यावे. जागा उरली तर आणखी एक ओळ घालावी, कारण हे आम्हालाही काल दुपारीच कळले. उन्हाची तिरीप आली तेव्हा गोळा शाळेच्या खिडकीत ठेवलेला होता आणि भिंगातून एकवटलेल्या उन्हाने त्याच्या मागे दोन सेंटिमीटरवर असलेल्या मखमलीला डाग पडून धूर येऊ लागला होता. तयार झालेली काठी आता कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

आपला,
एक मूर्तिकार वाचक,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग